मशीनला टोपी-टॉवेल

जळगाव,
दि. ९ जानेवारी १९९३

ती. नाना यांसी कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. तुमचे दाजी सुखरूप आहेत की नाहीत, ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा.

तोतारामशेठ कंत्राटदारांनी प्लॅस्टर करायची मशीन आणली आहे. त्यांनी सगळ्या गवंड्यांना बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, की सहा माणसांचं चार दिवसांचं काम ही एका दिवसात करते. हे घरी आले आणि चहात साखर कमी होती असं म्हणाले नाहीत, तेव्हाच मी समजले की काहीतरी मोठं झालं आहे. थापी रॉकेलने घासली, ओळंब्यासकट लग्नातल्या फेट्याच्या तुकड्यात बांधून खुंटीला टांगली आणि म्हणाले, “आते बठ्ठं बंद.” सत्तावीस वर्षांचं सगळं काम, नाना, आणि तीन शब्दांत संपवलं.

तेव्हापासून घरातच आहेत. तसबिरी, कॅलेंडर, मिठामिरचीचे डबे सगळं एका रेषेत आणून झालं. काल मी भाकरी थापत होते, तर म्हणाले डावीकडे जाड झाली. समोरच्या झुंबरबाईंच्या भिंतीला पोपडे आलेत, तिकडे बघून तासन्‌तास उसासे टाकतात. ती बिचारी समजते तिच्याकडेच बघतात. तिने खिडकी लावून घेतली आहे.

तुमच्या शाळेत शिपायाची जागा निघाल्याचं वहिनींनी लिहिलं होतं. यांच्यासाठी शब्द टाकाल का? यांच्या हातात काहीतरी हवं, थापी नाही तर घंटेचा टोल तरी.

वहिनींना नमस्कार. माहेरची माया आहे तशी राहू द्या, तिची मशीन अजून निघालेली नाही.

तुमची,
कुंदा


देवपूर, धुळे,
दि. १६ जानेवारी १९९३

चि. सौ. कुंदा हिस अ. उ. आ.

पत्र पावले. ओळी उजवीकडे चढत गेल्या आहेत, त्या अर्थी पत्र दाजींच्या नजरेखालून गेलेले नाही.

मुख्याध्यापकांशी बोललो. जागा आहे, मात्र १ फेब्रुवारीला माणूस समक्ष हजर व्हायला हवा. काम सोपे आहे. घंटा द्यायची, पाणी भरायचे आणि आमच्यासारखे शिक्षक तासाला उशिरा आले तर आपले लक्ष दुसरीकडे होते असे दाखवायचे. हे शेवटचे दाजींना जमेल की नाही, याची मला धास्ती आहे. ज्या गृहस्थाने स्वतःच्या लग्नात मांडवाचा खांब कलला आहे म्हणून मंगलाष्टके दुसऱ्या कडव्यावर थांबवली, तो आमचे उशीर कसे पोटात घालणार?

एक शंका विचारतो. हे यंत्र कोपऱ्यात कसे वळते? ओळंबा कोण धरतो? आमच्या पाठशाळेतले शास्त्रीबुवा न्याय शिकवताना सांगत, की डोंगरावर धूर दिसल्याशिवाय तिथे अग्नी आहे असे अनुमान करू नये. दाजींनी अग्नी पाहिला नाही, धूर पाहिला नाही, केवळ शेठचा चहा पाहून संन्यास घेतला.

आता थोडे स्वार्थाचे. आमच्या स्वयंपाकघरातली ओट्यामागची भिंत तीन वर्षे उघड्या विटांनी उभी आहे. “नाना, घरनंच काम शे, व्हई जाई,” असे सांगून दाजी गेले ते गेलेच. काम पुरे झाले की गवंड्याला टोपी-टॉवेल आणि नारळ द्यायचा, म्हणून मी जोड तेव्हाच आणून ठेवला. टॉवेलला डांबरगोळ्यांचा वास बसला आहे. नारळ आजवर दोनदा बदलला.

तुझी वहिनी पुष्पा खुशाल आहे, त्या भिंतीकडे पाठ करून स्वयंपाक करते. दाजींना सांग, आमचा लोभ प्लॅस्टरवाचूनही टिकला आहे.

तुझा,
अभिमननाना


जळगाव,
दि. २३ जानेवारी १९९३

ती. नाना, शि. सा. न.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. चहावर हसले नाहीत, पण ‘कोपऱ्यात कसे वळते’ हे मला दोनदा वाचायला लावलं.

गुरुवारी सोसायटीच्या नव्या इमारतीवर मशीनचं उद्घाटन झालं. शेठ पडले धार्मिक. म्हणाले, गवंड्याला टोपी-टॉवेल देतो तसा हिलाही द्यायला हवा, आणि तोही सगळ्यांत जुन्या गवंड्याच्या हातून. म्हणजे यांच्याच. मी म्हटलं, जाऊ नका, जिने आपलं ताट ओढलं तिचा आपणच सत्कार करायचा का? तर म्हणाले, कामावर नवा गडी आला तर आपण त्याला पाणी विचारतोच ना. धुतलेलं धोतर नेसून गेले. मागोमाग मीही गेले.

तिथे वेगळीच पंचाईत. मशीनला डोकंच नाही, टोपी घालायची कुठे? बायका म्हणाल्या, मशीन बाईमाणूस आहे, खणानारळाने ओटी भरा. मशीन चालवणारा हिलाल हात जोडून सांगत होता, काहीही भरा पण लवकर, माल सुकतो आहे. शेवटी कालवलेला माल ज्या हौदात ओततात त्याच्या काठावर यांनी टोपी ठेवली, टॉवेल नीट घडी मोडून काठावरून सोडला, कुंकू लावलं. शेठनी बटण दाबलं.

खोटं कशाला लिहू, नाना, मशीन चालते. पाच मिनिटांत पाऊण भिंत भरली. हे पांढरे पडले. आणि तेवढ्यात टॉवेलाचं टोक आतल्या फिरकीने धरलं. टॉवेल गेला, मागोमाग टोपी गेली. मशीन दोनदा खोकली, पाइपाचा सांधा सुटला आणि प्लॅस्टरचा पहिला हात शेठच्या सफारीवर बसला. दुसरा सोसायटीच्या चेअरमनवर, चष्म्यासकट.

यांच्याबरोबरचे लोटन मिस्त्री कानात बोलले, पण चार गल्ल्यांना ऐकू जाईल असं, “बरं करं रे पितांबर.” झालं. जो तो समजला की यांनी मुद्दाम केलं. यांनी ओळंब्याची शपथ घेतली, पण ओळंबा घरी खुंटीला. शेठ काही बोलले नाहीत, त्यांच्या मिशीवर माल होता.

मग यांची नजर भिंतीकडे गेली. ओला माल, उंचसखल, आणि ऊन चढलेलं. कुणाला काही न सांगता हे सायकलवर बसले. लोक म्हणाले, पळाला. दहा मिनिटांत परत आले ते फेट्याचं गाठोडं घेऊन. गाठ सुटेना, दाताने तोडली. दुपारपर्यंत भिंत अशी झाली की हात फिरवावासा वाटावा. त्यानंतर हिलालबरोबर बसून मशीनच्या पोटातून टॉवेल धाग्याधाग्याने काढला. हिलाल आता यांना उस्ताद म्हणतो. शेठ मात्र बोलत नाहीत.

थापी हातात परत आली आणि नाव गेलं. शेठनी मनात धरलं तर जळगावात कुणी यांना भिंतीला हात लावू देणार नाही. म्हणून म्हणते, शिपायाची जागा धरून ठेवा.

आशीर्वाद असू द्या. या वेळी जरा जास्त लागतील.

तुमची,
कुंदा


जळगाव,
दि. २८ जानेवारी १९९३

ती. नाना यांना पितांबरचा सा. न.

मला लिहायची सवय नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

काल शेठ घरी आले. सफारी धुतलेली होती, पण खिशात अजून वाळू होती. त्यांनी एकच विचारलं, मुद्दाम केलं का. मी म्हटलं, शेठ, मुद्दाम केलं असतं तर टोपी नवी दिली नसती, माझी जुनी दिली असती. त्यांनी विचार केला आणि त्यांना ते पटलं.

मग मला साइटवर नेलं. मी केलेली भिंत आणि मशीनची नुसती भिंत, दोन्हींवर स्वतः ओळंबा सोडून बघितला. मशीन माल मारते छान, पण सरळ काय ते तिला ठाऊक नाही, आणि कोपऱ्यापाशी आली की तिला काही सुचत नाही. आता ठरलं असं, की ती मारणार आणि आम्ही सरळ करणार. पूर्वी सहा होतो, आता तिघं. लोटन साक्रीला गेला. ते मला बरं वाटलं नाही. दुसऱ्या इमारतीला त्याला बोलवा, असं शेठना सांगितलं आहे, बघू.

शिपायाचं काम मला नको. पण नाही म्हणायचं ते समक्ष म्हणावं, म्हणून १ तारखेला येतो. हत्यारं आणतो. तुमची भिंत करूनच जाईन.

राग नसावा, असला तर भिंत झाल्यावर सोडावा.

तुमचा,
पितांबर


देवपूर, धुळे,
दि. ४ फेब्रुवारी १९९३

चि. सौ. कुंदा हिस अ. उ. आ.

दाजी आले. मी त्यांना मुख्याध्यापकांकडे नेले. नोकरी नको हे सांगायला अर्धे मिनिट लागले असते, परंतु साहेब फोनवर होते. तेवढ्या वेळात दाजींनी पिशवीतून ओळंबा काढून घंटा टांगलेल्या ऑफिसच्या भिंतीवर सोडला. भिंत दोन बोटे बाहेर निघाली. आमचे मुख्याध्यापक आजवर कुणाशीही सहमत झालेले नाहीत, पण दोरीला डोळा लावून पाहिले आणि खुर्चीत बसले. म्हणाले, या भिंतीखाली मी अकरा वर्षे निर्धास्त बसलो.

परिणामी नोकरी नाकारायला आलेल्या माणसाला शाळेच्या चार भिंतींचे काम मिळाले. उन्हाळी सुटीत शेठचे यंत्र इकडे येईल. दाजींनी अट घातली आहे, की चौथा गवंडी म्हणून लोटन मिस्त्रींना साक्रीहून बोलवावे. ती मान्य झाली. सत्कार मात्र यंत्राची वायर काढल्यानंतरच, असे मी लेखी घेतले आहे.

त्यानंतर दाजी आमच्या स्वयंपाकघरात आले. विटांवरून प्रेमाने हात फिरवला, दोनदा चहा घेतला, कोपरा पाहून मान डोलावली. मग शाळेच्या भिंतींची मापे घ्यायला गेले ते संध्याकाळी परतले, आणि “नाना, घरनंच काम शे,” म्हणून जळगावच्या गाडीत बसले. हत्यारांची पिशवी उघडली ती फक्त ओळंब्यापुरती.

तेव्हा तू आता काळजी सोडावीस. सहा माणसांचे काम यंत्र एका दिवसात करते, हे मान्य. पण मेहुण्याचे काम तीन वर्षे पुढे ढकलून वर त्याच्याच घरचा चहा दोनदा घेणे, हे अजून कोणत्याही यंत्राला साधलेले नाही. दाजींचा धंदा तेवढ्यापुरता तरी सुरक्षित आहे.

झुंबरबाईंना खिडकी उघडायला सांग. आमच्यावर लोभ ठेवा, आणि जमल्यास ओट्यामागच्या भिंतीवरही.

तुझा,
अभिमननाना

ता. क. पुष्पाने टॉवेल गरम भांडी उतरवायला घेतला. टोपी जपून ठेवली आहे. नारळ आज तिसऱ्यांदा बदलला.