मिशीला पाजलेलं औषध

परभणी, १२ डिसेंबर १९५७

प्रिय भुजंगा,

अनेक आशीर्वाद. ख्यालीखुशाली मागून, आधी बोलणी खा. मानवतहून परतल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आपल्या दोघांच्या छातीला दम्याची एकच खोड, म्हणून तुला ते काचेचं यंत्र पाठवलं. तरी तुझा दमा का कमी होईना म्हणून बघायला आले, तर तू काय करतोस? तांब्यातलं पाणी वरून प्यावं तसा आ करतोस, नळी वीतभर लांब धरतोस आणि रबरी फुगा दाबतोस. औषध सगळं मिशीला. दमा काय मिशीला झालाय? वर फुगा दाबून झाला की मग श्वास ओढतोस. वरातीमागून घोडं!

मी स्वतः करून दाखवलं. आधी छातीतला श्वास पुरता सोडायचा. नळी ओठांत घट्ट धरायची, हळूहळू श्वास आत घ्यायचा आणि घेता घेताच फुगा दाबायचा. मग थोडं रोखून धरायचं, की औषध आत मुरतं. तू नंदीबैलासारखी मान हलवलीस आणि संध्याकाळी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. उलट मला जरा धाप लागली की यंत्र माझ्याकडं सरकवायचास, आणि नको म्हटलं की तोंड पाडून बसायचास.

जिनिंगात दिवसभर कापसाच्या धुरळ्यात उभा असतोस, तोंडाला उपरणं बांध म्हटलं तर लोक हसतील म्हणे. बरं वाटलं की बिडी पेटलीच. त्या दिवशी तुझे ओठ निळे पडले, तेव्हा कोण हसलं रे? बायना तुझी पाठ चोळत रडत होती आणि मला आप्पांचा शेवटचा दिवस दिसत होता. तू तेव्हा पाळण्यात होतास. हट्ट मात्र बापाचाच घेतलास.

इकडं सगळं ठीक. कचेरीत आता मराठी आली, तुझे दाजी रोज उर्दूच्या आठवणीनं चरफडतात.

निघताना बायना मोटारीपर्यंत आली आणि तिच्या तोंडून निघून गेलं. “यंत्र नवं न्हाई, आक्का, तुमचंच हाय, हे त्यांला ठावं हाय. आक्काला परत द्यायचंय, उष्टं कशाला करू, म्हणायलेत.” परभणी येईपर्यंत मी रडले, निम्मं रागानं. अरे गाढवा, बहिणीला कसलं उष्टं? माझ्या ताटात जेवूनच वाढलास ना? ते गरम पाण्यानं धुऊन, नवं आहे असं सांगून मीच तुला पाठवलं होतं. आता नीट वाच. काल डॉक्टरांनी मला दुसरं दिलं. आज सकाळी दाजींसमोर घेतलं, छाती मोकळी आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर खाली त्यांची सही बघ. एवढंच कळवायला हे पत्र. माझ्यासाठी राखून ठेवू नकोस रे, ओठांत धर.

तुझ्यावर चिडलेली, तुझीच
आक्का

वरील मजकूर खरा आहे. बन्सीधर