कोबीच्या पिंपावरची गीर्या

प्रिय निका,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. इकडे बटाटे लावून झाले. रस्त्यावरचा चिखलही वाळला, गाडी आता थेट दारापर्यंत येते. आणि तुझी आई गीर्या उचलते. हसून घे, मी थांबते.

सुरुवात कोबीने झाली. थंडीच्या तोंडावर कोबी खारवला, पण पिंपावर दाबायचा दगड काही सापडेना. म्हणून तुझ्या बाबांची चोवीस किलोची गीर्या, तो मुठीचा लोखंडी गोळा, पोस्टमनकडून झाकणावर ठेवून घेतली. लोखंडाचं आणि खाऱ्या पाण्याचं कधी पटलंय का? गंज उतरून सगळा कोबी काळा पडला. गीर्या काढायला गेले तर तसूभर हलेना. तिथेच तळघरात मला मागचा उन्हाळा आठवला. तुझ्या तायाला चाकांच्या खुर्चीतून उचलून मी घराच्या पायऱ्या चढत होते, माझे गुडघे गेले आणि तू आम्हा दोघींना सावरलंस. तेव्हापासून तिला इकडे आणणंच बंद झालं. नातीच्या पायांत बळ नाही आणि आजीच्या अंगात नाही, मग यायचं कशाला? पिंपाजवळ बसून मी रडले. मग डोळे पुसले आणि शेजारच्या सवेलीला हाक मारली.

तो आरमारातला गडी. एका हाताने गीर्या उचलून बाजूला ठेवली आणि कोबी हुंगून म्हणाला, याचं सूप करून सासूला पाठव. सासू कधीच वारली म्हटलं, तर म्हणे, असल्याच कोबीने गेली असेल. मी सरळ सांगितलं, मला हे उचलायला शिकव. आपल्या वयाच्या बाया मोजे विणतात म्हणाला. विणून पोर पायऱ्या चढत नाही, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी आपल्या घरची आठ किलोची गीर्या घेऊन हजर. परदेशात म्हणे तिला केटलबेल म्हणतात आणि लोक हौसेने विकत घेतात. आपल्याकडे ती दार अडवायला ठेवतात. मग मला समोर उभं करून शिकवू लागला:

“पाठीने ओढू नकोस, अर्काद्येव्ना. कंबर मागे ने, ढुंगण आवळ आणि झटका दे. हात म्हणजे नुसत्या दोऱ्या.”

त्या पहिल्या आठवड्यात मला खुर्चीत बसताना आई आठवायची. विहिरीवरच्या बाया विचारायच्या, सर्कस कधी गाठणार? आता त्यातलीच झोया पिठाचं पोतं आत न्यायला मला बोलावते. पाण्याच्या भरल्या बादल्या मी न थांबता घरी आणते, लाकडं फोडते, आणि रात्री मेल्यासारखी झोपते. एप्रिलमध्ये बाबांची गीर्या छातीशी घेतली, तेव्हा ते असते तर काय म्हणाले असते, या विचाराने हसू आलं. तरी सवेलीचं समाधान नाही. लोखंड गप्प राहतं, पोर वळवळते, असं म्हणून त्याने मला आपली शेळी उचलून पायऱ्या चढायला लावलं. तिने माझ्या कोटाचं बटण खाल्लं, पण मी तिला पाडलं नाही. त्यानंतर रोज चढवते. आता तीच पायरीशी येऊन उभी राहते.

परवा आमच्या जावईबापूंचा, रोमानचा फोन आला. जूनमध्ये तुझ्या पाठीचं ऑपरेशन आहे, पुढे दोन महिने तुला काही उचलायचं नाही, रोमान स्वतः ट्रक घेऊन उत्तरेला असेल, आणि तायासाठी तुम्ही अपंग मुलांच्या एका संस्थेत जागा बोलून ठेवली आहे. हे तू मला सांगितलं नाहीस याचं वाईट वाटलं, खूप वाटलं. पण रागावले नाही. मागच्या उन्हाळ्यातली आई बघून तू दुसरं करणार तरी काय होतीस? म्हणून हे पत्र. संस्थेला नाही म्हणून कळव. ऑपरेशनच्या आधी तायाला इकडे घेऊन ये. तिला उचलायला वाकू नकोस. तू फक्त गाडीचं दार उघड, मी पायरीवर उभी असेन.

तुझीच,
आई