पोरांची बाटली

१२ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा तेच! दारव्ह्याला इंगोले सरांच्या दवाखान्यात सकाळी केस — पायल, सात वर्षांची, बोरी अरबची. अपेंडिक्स. मी पोचले तर टेबलाशेजारी 'पोरांची बाटली' टांगून तयार! साखर भरपूर, मीठ नावाला. मोठ्यांना वेगळं सलाईन, पोरांना हे — इथं असंच चालत आलंय. मी ती काढली, मिठाची लावली. ऑपरेशनच्या ताणात शरीर पाणी धरून ठेवतं, लघवी कमी होते. त्यात असलं पातळ पाणी ओतत राहिलं की रक्तातलं मीठ उतरतं आणि मेंदू सुजतो. सरांना किती वेळा सांगितलं असेल! सर मास्कमधून हसले. "तुम्ही कालची मुलं, पुस्तकं लई वाचता. मी तीस वर्षं हीच लावून राह्यलो."

ऑपरेशन छान झालं. पायल डोळे उघडून म्हणाली, "मले भूक लागली." वार्डातही माझीच बाटली चालू ठेव, असं साधना सिस्टरला बजावलं. "सर म्हणतील तसं, मॅडम." मागे आजी उभी, इंदूबाई — "लेकरू कालपासून उपाशी हाये वो, ताकदीची लावा ना." तिला साखर म्हणजे जेवण वाटतं. तिची काय चूक? मला आर्णीला दुसरी केस होती. भूल देणाऱ्या बाईचं असंच, आज इथं, उद्या तिथं. ऑपरेशन थेटरच्या दाराबाहेर माझं कोण ऐकतं!

१३ ऑगस्ट

साधनाला फोन केला. पायलला उलट्या होतायत, डोकं दुखतंय, सारखी झोपेत आहे. "सर म्हणाले भुलीचा असर आहे." दुसऱ्या दिवशी? भूल आहे की मोहाची दारू! कोणती बाटली चालू आहे, विचारलं. "पोरांचीच." काढ म्हटलं, रक्त तपासायला पाठव म्हटलं. "सरांना विचारते." सर फोन उचलत नाहीत. निघते.

१४ ऑगस्ट

काल पोचले तेव्हा पायलला झटके येत होते. सोडियम, म्हणजे रक्तातलं तेच मीठ, एकशे अठरा! एकशे पस्तीसच्या खाली जायला नको ते. बाटली मी हातानं उपटली. जास्त मिठाचं सलाईन देत अ‍ॅम्ब्युलन्समधून यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरचा पहिलाच प्रश्न — "फ्लुइड कोणतं चालू होतं?"

बाहेर तिचा बाप, राजदीप. सरांनी दारव्ह्यातच त्याचे कान भरलेले. भिंतीकडे बघत म्हणाला, "पोरीले भूल जास्त देली तुमी." मी बाटलीचं सांगायला लागले. "सलाईननं कोणी बिमार पडते का, मॅडम?" काय सांगू त्याला! सलाईन म्हणजे ताकद, हेच तो लहानपणापासून ऐकत आलाय.

१८ ऑगस्ट

जीव वाचला. आज डोळे उघडले. इंदूबाईला म्हणाली, "तू कोण?"

२ सप्टेंबर

सरांना जाऊन भेटले. सोडियमचा रिपोर्ट समोर ठेवला. त्यांनी उलटून पाहिला नाही. "भूल कोणी दिली? तुम्ही. मग आता बाटलीच्या मागे कायले लागता?" मी म्हटलं, रिपोर्ट वाचा. "लोकांना रिपोर्ट समजत नाही मॅडम, भूल समजते." वर माझ्यासाठी चहा मागवला! निर्लज्ज माणूस! मी कपाला हात लावला नाही.

दारव्ह्याहून बोलावणं बंद. आर्णीवालेही दुसऱ्याला बोलावून राह्यले. बाजारात एक बाई दुसरीला सांगत होती, "ह्याच त्या मॅडम, भूल जास्त देणाऱ्या." भाजी तिथंच टाकून आले.

९ ऑक्टोबर

बोरी अरबला गेले. कोणी बोलावलं नव्हतं. पायल अंगणात बसली होती. चालते. डावा हात छातीशी धरलेला. बोलताना शब्द शोधते, सापडला नाही की रागावते. इंदूबाईनं पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. "काहून आल्या?" मी पुन्हा सगळं सांगितलं, बाटलीचं. तिनं ऐकून घेतलं. "मंग आता सांगून हिचा हात उठते का?"

नाही उठत. त्यांच्या अंगणात रडायला लाज वाटली. गाडीत बसून रडले.

२१ नोव्हेंबर

इंगोले सरांचा फोन! नातवाचं अपेंडिक्स आहे, आजच काढावं लागेल, भूल तुम्हीच द्या. मी म्हटलं, "माझी भूल जास्त होते ना, सर?" ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "आणि मॅडम, बाटलीचंही तुम्हीच बघा. वार्डातसुद्धा."

"कोणती लावू?"

बारीक आवाजात — "तुमचीवाली."