गाडीची ओढ

आई, आपली पिकअप अजून पत्र्याच्या शेडमध्येच उभी आहे. तू गेल्यावर वर्षभर मी ती चालवली. मग एका सकाळी ती सुरू झाली नाही आणि मीही पाठीस लागलो नाही. आता आण्णाला नवा ट्रॅक्टर लावायला शेड पाहिजे. परवा तो संकेश्वरच्या भंगारवाल्याला घेऊनच आला. त्यानं चाकावर लाथ मारून बघितली. मी म्हटलं, थांब जरा. आण्णा म्हणाला, "सुरू करून दाव, मग ऱ्हाऊ दे बाबा हितंच. ट्रॅक्टर झाडाखाली लावतो मी. न्हाय झाली तर रविवारी ह्यो येऊन उचलणार. चाललं?" मी मान हलवली. आम्हा दोघा भावांच्या मधलं बोलणं तूच बोलायचीस. आता आमच्यात एवढंच बोलणं होतं.

दुसरी बॅटरी लावून किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण धरेना. कार्बोरेटरवरून पेट्रोल भळाभळा वाहू लागलं. तू शेजारी असतीस तर म्हणाली असतीस, "हिला आज ओढच न्हाय रं." कारखान्याच्या वर्कशॉपात मी इतकी वर्षं काढली, पण इंजिनानं हवा आणि पेट्रोल आत खेचण्याला याहून नेमका शब्द मला कुणी दिला नाही.

कार्बोरेटर उतरवला. त्याच्यावरची नंबरची पट्टी कधीच गळून गेलेली. बेळगावला सुट्या भागांच्या दुकानात जाऊन मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला, तर गल्ल्यावरचा म्हातारा म्हणाला, "नंबर हेळ्री, नंबर सांगा! फोटो बघून औषध कसं देऊ?" मी गाडी सांगितली, साल सांगितलं. त्यानं दिलेलं, सांध्यांत बसवायच्या कागदी गॅस्केटांचं पाकीट घेऊन घरी आलो, आणि त्यातला एकही कागद जागेवर बसेना. भोकं एकीकडं, बोल्ट दुसरीकडं. शेडमध्ये गाडीच्या सीटवर नुसता बसून राहिलो. समोर डॅशबोर्डच्या फटीत अजून जोतिबाचा गुलाल आहे. तुझ्याच हातचा.

मग उतरून परत बॉनेटखाली वाकलो, तेव्हा लक्ष गेलं ते इंजिनावर राहिलेल्या एका जाड पट्टीकडं. हातानं कानशीनं घासलेली. अशी पट्टी कंपनीतून येत नाही. ती पट्टी बघितली आणि तो दिवस आठवला. मी शाळेत आहे. तू, बाबा आणि मी, आपण तिघं बेळगावात एका मिस्त्रीच्या दारात आहोत. तुला परतताना कंग्राळीला, माहेरी उतरायचं आहे. तू उलट्या खोक्यावर बसलीयस. मिस्त्री हात पुसत सांगतोय, "वैनी, मूळचा गेला कामातनं. ह्यो जीपचा हाय. खाली पट्टी घालून बसिवतो." आणि तू म्हणतीयस, "म्हंजे दुसऱ्याचं काळीज घालणार म्हणा की. मग ही आमास्नी वळखंल का न्हाय?" बाबा इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. एवढी वर्षं मी पिकअपचा कार्बोरेटर, पिकअपचा कार्बोरेटर म्हणत होतो. तो जीपचा होता, आणि ते तुझ्या थट्टेमुळं माझ्या डोक्यात राहिलं होतं. परत बेळगावला गेलो आणि म्हाताऱ्याला म्हटलं, "जीपचा." सगळे कागद बरोबर बसले.

पेट्रोल का वाहत होतं, ते मात्र फ्लोट कानाशी धरून हलवल्यावर कळलं. पेट्रोलवर तरंगायचा तो पितळी डबा. त्याच्याच पोटात पेट्रोल हिंदकळत होतं. भोक शोधायची बाबांची रीत तुला आठवत असेल. तुझ्या दुधाच्या पातेल्यात गरम पाणी आणि त्यात फ्लोट! "अवो, त्यात उद्या देवाला खीर करायची हाय मला!" एवढं ओरडलीस, आणि ओरडता ओरडता वाकून पहिला बुडबुडा तूच दाखवलास. ते पातेलं मग फळीवर वेगळं राहिलं, गाडीचं पातेलं म्हणून. अजून आहे. मी त्यातच कढत पाणी अंगणात आणलं. फ्लोट बुडवला, वाकलो, बुडबुडे दिसले. दाखवायला कुणी नव्हतं. आतलं पेट्रोल काढलं, वाळवलं, कथलानं झाळून भोक बुजवलं.

शनिवारी सकाळी देवापुढं दिवा लावला आणि कार्बोरेटर जागेवर चढवला. इंजिन धरलं, पण खोकत होतं. मिश्रणाचा स्क्रू आत घेतला तर मरायचं, बाहेर घेतला तर काळा धूर. तेव्हा तू सुपापाशी बसलेली दिसलीस, मांडीवर विड्या वळायची तेंदूची पानं. शेजारच्या नव्या सुनेला शिकवत होतीस: "घट्ट वळलीस तर ओढ लागत न्हाय गं, सैल वळलीस तर भसाभसा जळून जाती. बोटाला इचार." मी डोळे मिटले आणि बोटाला विचारलं. एका ठिकाणी इंजिन शांत झालं आणि एका लयीत चालू राहिलं. आण्णा दात घासत बाहेर आला, शेडच्या दारात थांबला. "ओढतीया की रं!" म्हणाला. ट्रॅक्टर झाडाखाली गेला.

रविवारी तिला तुझ्या नेहमीच्या देवळाकडं घेऊन गेलो. वाटेत तुझं जुनं बोलणं आठवत होतं. डावीकडचं दार आतून कधीच उघडायचं नाही, म्हणून मी वळसा घालून यायचो आणि बाहेरून उघडायचो. उतरताना तू दर वेळी म्हणायचीस, "सायेबीन झाले बघ मी! आरं, ह्या शिटावर बसणारी आण की कवातरी. मीच बसू व्हय जल्मभर?" मी हसण्यावारी न्यायचो. तू जन्मभर बसलीस. नंतर कुणी बसलं नाही.

देवळापुढं इंजिन बंद केलं, उतरलो, वळसा घातला आणि दार उघडून उभा राहिलो. फुलवाली बघत होती. "कुणाला उतरवायचं हाय मामा?" मी सीटवरची धूळ झटकल्यासारखं केलं आणि तिच्याकडून एक हार घेतला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच सांगतो. संध्याकाळी आण्णानं विचारलं, "आता काय ऱ्हायलं हिचं दुरुस्त करायचं?" मी म्हटलं, काही नाही. त्या डाव्या दाराची आतली कडी दहा मिनिटांचं काम आहे. ती मी तशीच ठेवली आहे.