साडेचारशे वॅटचा पॉवर सप्लाय

अण्णा, परवा लातूरला जाऊन आले. आपण दोघं कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला ज्या दुकानात गेलो होतो, त्या जागी आता चपलांचं दुकान आहे. आपण गेलो त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. आपल्याकडे ज्वारीच पिकली नव्हती, म्हणून तुमची पिठाची गिरणी बंद होती आणि मी सिव्हिलचा डिप्लोमा करून घरी बसले होते. उदगीर नवा जिल्हा होणार, कचेऱ्या येणार, लोक घरं बांधणार, असं जो तो बोलत होता. तुम्ही गिरणीची मोटर विकलीत आणि लेकीला म्हणालात, "चल माय, नकाशे काढायचं मशीन घेऊ."

मला अजून ते दुकान दिसतं. दुकानदार एकेक खोकं मांडतोय, प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम. मी ग्राफिक्स कार्ड हातातून सोडत नाही. त्यावर घराचं चित्र उभं करून दाखवता आलं असतं. तुम्ही मात्र एक लोखंडी डबा उचलून विचारता, "हे काय हाय?"

"पॉवर सप्लाय. ह्यातनं सगळ्या भागांना लाईट जाती. कॅबिनेटसोबतच येतो, काका. चालतंय."

"आमच्याकडं लाईट लई खालीवर होती. हे जळालं तर?"

दुकानदार खरं बोलला. "जळताना कधी कधी बाकीचंबी घेऊन जातंय. साडेचारशे वॅटचा चांगला घ्या. पण मग कार्ड बसणार न्हाई तुमच्या पैशात."

"तू सांग माय," तुम्ही म्हणालात. "मला ह्यातलं कळत न्हाई."

मी कार्ड परत ठेवलं. एसटीत पॉवर सप्लायचं खोकं तुम्ही मांडीवर घेऊन बसलात, कंडक्टरलाही हात लावू दिला नाही.

उदगीरला भाड्याच्या खोलीत मशीन सुरू झालं. तुम्ही रोज दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसायचात, गिऱ्हाईक आलं की उठून उभे राहायचात. पण प्यायला पाणी नसताना बांधकाम कोण काढणार? एकदा मी वैतागून म्हणाले, "अण्णा, घरी जा, किती बसाल?" तुम्ही म्हणालात, "घरी तरी काय करू? तिथं आता मोटर न्हाई." पाऊस यायच्या आधीच त्या खुर्चीत तुमच्या छातीत कळ आली. रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं.

जिल्हा झाला नाही. पुढं पाऊस पडला, घरंही उठली, पण नकाशे लोक मोठ्या ऑफिसांतून काढून घेतात. मी पीकविम्याचे अर्ज भरत राहिले. गेल्या महिन्यात मशीन कायमचं बंद पडलं. परवा लातूरला कॉम्प्युटरच्या दुसऱ्या एका दुकानातल्या माणसानं विचारलं, "ताई, त्याच्यावर काम काय करणार? त्या हिशोबानं भाग सांगतो." मी भागांची यादी घडी करून पर्समध्ये ठेवली. तशीच एसटीत येऊन बसले, आणि उदगीरला उतरल्यावर खोली सोडत असल्याचं मालकाला सांगून टाकलं.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक सांगूनच टाकते. तुमचा आवाज मला आता आठवत नाही. वर लिहिलेले शब्द तुमचेच आहेत, पण वाचायला गेले की माझाच आवाज ऐकू येतो.