वीरगळाचे पहिले तेल

२२ फेब्रुवारी १९७४, अमावास्या
आज सकाळी आंघोळ करून ओलेत्यानेच देवळामागच्या वीरगळाला तेल घातले. दर अमावास्येला पहिले तेल आमच्या घराचे. आजोबांनी चुकवले नाही, वडिलांनी नाही. तेल निथळता निथळता एकदम उमगले. परक्या दगडाला पिढ्यान्‌पिढ्या कोण तेल घालील? हा वीर आमचाच पूर्वज!
शिल्प नीट पाहिले. कुऱ्हाड उगारलेला पुरुष. पायाशी शत्रू, कवटी फुटलेली. भोवती घोडे. पावसापाण्याने झिजून मेंढ्यांसारखे दिसतात.
संकल्प: वंशावळ पुरी करणे.

२५ फेब्रुवारी
तलाठ्याच्या जुन्या रजिस्टरात आमच्या शेतावर नाव सापडले: सयाजी. बाकीचे कागद साताऱ्याला, मोडी लिपीत. ते वाचून होतीलच. तोवर तासगावला मार्बलच्या बोर्डाची ऑर्डर दिली: 'रणवीर सयाजी'. पाडव्याला उद्घाटन.

२ मार्च
शेजारचा धुळा चारचौघांत म्हणाला, "गड्या आकाराम, त्या मेंढ्या हायत. तुजा सयाजी काय मेंढीवर बसून लढाईला गेलता?" सगळे हसले. वर म्हणतो, दगड त्यांच्या गुंडा नावाच्या पूर्वजाचा, त्याची आजी सांगायची. धनगराच्या आजीचा पुरावा!
मी उठून घरी आलो. संकल्प: रोज एकशे आठ वेळा नामस्मरण. राग वर्ज्य.

९ मार्च
नामस्मरण झाले. बोर्ड आला. खड्डा खणत होतो तर धुळा आडवा उभा राहिला. पुढचे नीट आठवत नाही. लोक म्हणतात मी मारले. माझ्या मते कुदळीचा दांडा आधीच वर होता, त्याचे डोके मध्ये आले. रक्त पार माझ्या सदऱ्यापर्यंत उडाले. सात टाके. हवालदाराला मात्र तो म्हणाला, "घसरून पडलो."
वाईट वाटले. पण रणवीराचे रक्त आहे, कधीतरी उसळणारच. बोर्ड सरळ बसला.

१८ मार्च, सातारा
लालासाहेब म्हणून पेन्शनर कारकून आहेत, मोडी वाचतात. कागद सापडला. पंचांचा निवाडा. चहा पीत पीत वाचला त्यांनी. पाण्याच्या पाळीवरून सयाजीने गुंडा धनगराच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. तो मेला. मग त्याच्या अकरा मेंढ्या तोडल्या. सयाजीच्या घराने गुंडाचा दगड उभा करावा आणि वंशपरंपरा दर अमावास्येला पहिले तेल घालावे.
दुसरा सयाजी असेल, म्हटले. गाव तेच, शेत तेच. परत वाचा, म्हटले. परत तेवढ्याच मेंढ्या मेल्या.
म्हटले, पण दगडावर उभा आहे तो? ते म्हणाले, "आवं, दगूड पडलेल्याचा असतोय. मारणाऱ्याचा कोन हुबा करतंय?"
नक्कल करून घेतली.

२० मार्च
पारावरच्या मंडळींनी विचारले, कागदात काय निघाले? शौर्याचे आहे, म्हटले. घरी बायको, हरणाबाई, सदरा घासत होती. म्हणाली, "रगात निगंना."
संकल्प: धुळ्याच्या घरी जाऊन सांगणे. आज उशीर झाला.

२१ मार्च
गुडघा दुखतो. धुळ्याचे दार चाळीस पावलांवर. चढ आहे.

२२ मार्च
जुने लेखनिक चुका फार करत. नामस्मरणात मन लागले नाही. माळ ओढायला हात उचलला की दांडाच आठवतो.

२३ मार्च, अमावास्या
बोर्ड पहाटे उपटला. हरणाबाईने उलटा करून धुण्याला घेतला.
तेलाचा तांब्या घेऊन धुळ्याच्या दारात गेलो आणि नक्कल वाचून दाखवली. सगळी. त्याची रंगुबाई पाखडायची थांबली. धुळ्याने डोक्यावरचा पटका सारखा केला. मग म्हणाला, "मेंढ्या किती म्हनलास?"
"अकरा."
"बग. घोडी म्हनत हुतास."
दगडापर्यंत बरोबर आला. मी तेल घातले, डोके टेकले. उठलो तर धुळा शेजारीच मांडी घालून बसलेला. पटका काढून मांडीवर ठेवलेला, टाके काढलेली जागा अजून लाल.
"दगडाला घातलंस. आता हितं घाल. दर अमुशेला येत जा."
तांब्यात थोडे उरले होते. घातले.