तापीकाठी मातृभाषा मोजताना

तापीकाठ, तालुका नंदुरबार
२ मार्च १९६१

चि. शांतीस,

ताईचे आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? (एरंडेल चोळ, डॉक्टरांना विचारत बसू नकोस.) यजमान सचिवालयात वेळेवर पोहोचतात ना? मी ठीक. पाय सुजलेत आणि डोकं तापलंय, एवढंच.

निवृत्त बाईला स्वस्थ बसू द्यायचं नाही, असा सरकारचा हुकूम दिसतो. खानेसुमारीचे, म्हणजे जनगणनेचे, मास्तर गोवराने आडवे झाले (पन्नाशीत गोवर! या माणसाला कशातच वेळ साधत नाही), आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. पण शांते, शिकवणीला जिल्हाभरचे मोजणीवाले जमले आणि मी थक्कच झाले. जन्मभर पोरींना भूगोल शिकवला, ऊस कुठे, कापूस कुठे. माणसं कुठे काय बोलतात, हे पुस्तकात नव्हतंच. आमच्या काठाने गुजरांची गुजराती, सपाटीवर अहिराणी, शहराच्या मोहल्ल्यांत उर्दू, विसरवाडीकडे कोकणा आदिवासींची कोकणी, तळोद्यावरच्या डोंगरात भिली अन् पावरी! एवढ्याशा मुलखात देवाने किती जिभा पेरल्यात!

आणि आमच्या गावात? सगळ्यांची मातृभाषा म्हणे मराठी! गेल्या साली राज्याची वाटणी झाली, तेव्हा आमच्या सरपंचाच्या, रतिलालच्या, बहिणीचं सासर गुजरातेत गेलं. बांध तोच, कचेरी मात्र सुरतेला. आता जे गाव ‘गुजराती’ सांगेल तेही तिकडे ढकलतील, या धास्तीने रतिलालने ‘सगळ्यांनी मराठीच सांगा’ अशी दवंडी पिटवली होती. भिलाटीतल्या दगूबाईने भिलीतून, मराठीचा एक शब्द न उच्चारता मराठी सांगितली. वाहिद शिंपी छातीवर हात ठेवून म्हणाला, “हम तो पैदाइशी मराठी हैं, बाईसाब.”

अडली ती रतिलालची आई, जसोदाबाई. तो हात जोडतोय, “ताई, तुमी मराठीच लिखा, गाव बुडी जाई!” म्हातारीने त्याला काठीने बाजूला सारलं आणि मला कळावं म्हणून अहिराणीत म्हणाली, “मन्ही माय मले ज्या बोलीमा गाया दे, तीच लिख. गाव कोठे बी जावो, माय बदलस का?”

(गाया म्हणजे शिव्या, शांते! बाईने आवाज चढवू नये असं आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगत. त्यांनी ही बाई पाहायला हवी होती.) तिची माय गुजरांची, म्हणून मी गुजराती लिहिलं, आणि मग तिच्यामागे सगळं गाव पुन्हा माझ्या दारात, खरं सांगायला! रतिलाल पांढराफटक पडला. मी त्याला ठणकावलं, “मोजणीने सरहद्द हलत नाही. मी सांगते ना!”

तुझी,
सुगंधाताई

ता.क. यजमानांना विचार, मोजणीने सरहद्द हलते का?

ता.क. २. हलत असेल तर तार करू नकोस. पोस्टमास्तर रतिलालचा साडू आहे. गुपचूप गुजरातीचं पहिलीचं पुस्तक पाठव.